नेटीनं हॉर्न वाजवला

मी एक उशी बोलतेय. हो हो, उशीच! पण झोपायची नाही हं. डोक्याखालच्या वेगळ्या, त्या जरा स्वतःला फार समजतात. मी बसायची. त्यातही सोफ्यावरची नाही, गाडीतली. जुन्या हिरव्या ब्यूइकमध्ये ड्रायव्हरच्या सीटवर माझा मुक्काम, आणि माझ्यावर नेटी ह्रिन्चुक. वय एक्क्याऐंशी, उंची दरवर्षी थोडी कमी.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मला डोळे नाहीत. पण ऐकू येतं, आणि वजन कळतं. माणूस घाबरला की कसा बसतो, रागावला की कसा, खोटं बोलताना कसा, ते सगळं मला कळतं. चेहऱ्याला नाटक जमतं हो. बुडाला जमत नाही.

माझा जन्म एका टोमण्यातून झाला. खरंच! नेटीची नणंद पर्ल, तिनं मला शिवलं, नेटीच्या पंचाहत्तरीची भेट म्हणून. सगळ्या गावासमोर माझ्यावरचा कागद फाडत नेटी म्हणाली, "हे काय?"

"उशी आहे," पर्ल म्हणाली. "आजकाल तुझी गाडी येताना दिसते, आत कुणी दिसतच नाही. लोक घाबरतात गं. म्हणतात, ब्यूइक एकटीच फिरायला निघाली."

सगळे खो खो हसले. नेटीनं मला उलटसुलट केलं, बोटानं माझी कड चाचपली. "शिवण वाकडी आहे."

"तू बसलीस की सरळ होईल."

अशी आमची पर्ल! माझ्या पोटातला स्पंज तिनं सॅस्कटून शहरातल्या दुकानातून आणला, आणि वरचं कापड म्हणजे नेस्टरची शेतात घालायची जीन्स. नेस्टर म्हणजे पर्लचा भाऊ, नेटीचा नवरा. तो जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. जीन्सचा मागचा खिसा पर्लनं कापला नाही, तस्साच ठेवला माझ्या कडेला. त्यामुळे मी आतून शहरातली, बाहेरून शेतातली. ही बडबड शहराची बरं का. जीन्सचा माणूस फार कमी बोलायचा म्हणे.

आता तुम्हाला वाटेल, या दोघींचं पटत नसणार. तेच तर सांगतेय! साठ वर्षं पटलं नाही. नेटी लग्न होऊन आली तेव्हापासून पर्लचं एकच, ही मुलगी उद्धट आहे, हिच्या कोबीच्या रोलात भातच जास्त. आणि नेटीचं एकच, पर्लला काही म्हणजे काही पसंत पडत नाही. पण मग नेस्टर गेला, पर्लचा नवराही गेला, आणि एका गल्लीत समोरासमोर या दोघी उरल्या. भांडायला तरी कुणीतरी लागतंच ना.

आणि मग पर्लच्या किडन्या बसल्या.

सोमवार, बुधवार, शुक्रवार. आठवड्यातून तीनदा तिला शहरातल्या हॉस्पिटलात नेऊन मशीनवर रक्त धुवून घ्यावं लागतं. जायला तास, यायला तास, मध्ये मशीनचे चार. पर्लला गाडी येत नाही. आधी भावानं फिरवलं, मग नवऱ्यानं, शिकायची वेळच आली नाही. बस तर कधीच बंद झाली. शेजारी चांगले आहेत, पण पेरणी-कापणीत कुणाला मान वर करायला फुरसत नसते, आणि थंडीत अर्धं गाव ॲरिझोनाला ऊन खायला जातं. उरली कोण? नेटी. आणि नेटीखाली मी!

काय सांगू तुम्हाला, त्या फेऱ्या! बाहेर मैलोन्मैल सपाट, आत या दोघींचं चालू.

"हळू चालव, ससा आहे."

"ससा नाही, कागद आहे."

"कागदाला कान असतात होय?"

डायलिसिसवाल्यांना पाणी मोजून मिळतं. म्हणून पर्लला घसा कोरडा पडला की चघळायला लिंबाच्या गोळ्या, त्या माझ्या खिशात. पर्ल न विचारता हात घालते, नेटी न बोलता जराशी उजवीकडची मांडी उचलते. हे मात्र भांडणाशिवाय होतं. दर फेरीला. बोलत कुणीच नाही त्याबद्दल, पण मला माहितीये.

तर या उन्हाळ्यात नेटीचं लायसन्स संपायला आलं. डॉक्टरनं डोळे तपासले, कान तपासले, सगळं ठीक म्हणाला, पण वय बघता एकदा गाडी चालवून दाखवा म्हणून लिहून दिलं.

तेव्हा नेटीची मुलगी लॅरिसा कॅलगरीहून आली होती. ती गाडीच्या खिडकीत वाकून म्हणाली, "आई, नाही झालं पास तर नाही झालं. तू उशीवर बसून रस्ता बघतेस. आणि आत्याची सोय करू आपण. शहरात छान जागा आहेत हॉस्पिटलच्या जवळ."

"बघितलीये मी ती छान जागा," पर्ल बाजूच्या सीटवरून म्हणाली. "एक खोली आणि खिडकीतून पार्किंग. माझा शेपू कुठे लावू, गाडीच्या टपावर?"

हसली लॅरिसा. पण नेटी हसली नाही. माझ्यावर ती दगडासारखी बसली होती. पर्लचं घर, तिची बाग, बीट, शेपू, पायरीवरची तिची ती किरकिरी खुर्ची, ते सगळं आता नेटीच्या लायसन्सवर टांगलेलं होतं. लायसन्स गेलं की पर्ल गेली शहरात. आणि मग समोरच्या घरातला दिवा रोज बंद. साठ वर्षांनी.

टेस्टचा दिवस सोमवार. म्हणजे आधी टेस्ट, मग मशीन. पर्ल शहरातल्या लायसन्सच्या ऑफिसात बसून राहिली, आणि तिच्या जागी परीक्षा घेणारी बाई बसली. तरणी, आवाज खणखणीत, नाव इफेओमा.

"मिसेस ह्रिन्चुक, आरामात चालवा. मी काही खात नाही कुणाला."

"खायला आणलंय बाळा मागच्या सीटवर. पायरोगी. नंतर खा." पायरोगी म्हणजे उकडलेल्या करंज्याच म्हणा ना.

"मला घेता येत नाही हो. नियम आहे."

"बटाट्याच्या आहेत."

"तरी."

आणि काय चालवली नेटीनं गाडी! वळणं काय, आरसे काय, दोन गाड्यांच्या मध्ये पार्किंग तर असं केलं की मला हलल्यासारखंही वाटलं नाही. मी मनात नाचतेय! आणि मग आला चौक.

सिग्नल नसलेला चौक. चारी बाजूंना थांबायच्या पाट्या. जो आधी येऊन थांबला तो आधी जाणार, इतकं सोपं. पण आमच्याकडची माणसं! आमच्याकडे तुमची पाळी असली तरी तुम्ही समोरच्याला हात करता, जा बाबा तू आधी. तो तुम्हाला हात करतो. डावीकडचा दोघांना करतो. असं सगळे थोडा वेळ एकमेकांना हात करत बसतात, मग कुणीतरी लाजत लाजत निघतं. तसं नाही केलं तर लोक विचारतात, ही कुणाकडची?

नेटीचा उजवा हात उठला. मला लगेच कळतं, तिचा हात उठला की वजन डावीकडे येतं. आम्ही थांबलो. थांबलोच.

"मिसेस ह्रिन्चुक, तुमची पाळी होती ना?"

"हो, मीच आले होते पहिली."

"मग गेला का नाहीत?"

"त्याच्या गाडीत लहान मूल होतं गं."

पुढचा चौक. परत वजन डावीकडे.

"आता?"

"ती बाई घाईत दिसली."

तिसरा चौक. परत!

"आता तर कुणीच नव्हतं!"

"येत होता की एकजण. लांबून."

इफेओमानं एक लांब श्वास सोडला. ऑफिससमोर गाडी उभी राहिल्यावर ती हळूच म्हणाली, "गाडी तुम्ही माझ्यापेक्षा चांगली चालवता, खरं सांगते. पण तुम्ही पाळी सोडता, त्यामुळे तुम्ही काय करणार ते समोरच्याला कळत नाही. त्यातनंच गाड्या आपटतात. मला पास करता येत नाही तुम्हाला. जुन्या लायसन्सची मुदत संपायच्या आत अजून एकदा या. पण तेव्हाही असंच झालं तर मग झालं."

पर्ल येऊन बसली. "काय?"

"नापास."

"कशानं?"

"हात केला म्हणून."

पर्ल काही बोलली नाही. पर्ल! काही बोलली नाही! हॉस्पिटल झालं, परतीचा रस्ता झाला, धान्याच्या कोठारांजवळ आलो तरी गप्प. लिंबाच्या गोळीसाठीही हात आला नाही. घराजवळ आल्यावर म्हणाली, "शेपूचं बी काढून ठेवते यंदा. तू लाव तुझ्याकडे."

"मला नको तुझा शेपू," नेटी म्हणाली. आवाज तिखट होता, पण वजन पर्लच्या बाजूला कललं होतं. "तुझा तू लाव."

दार उघडलं, लागलं. आणि परत उघडलं.

"नेटी," पर्ल म्हणाली, "साठ वर्षं मी तुला उद्धट म्हणत आले. आता एकदा, एकदाच, तशी वाग की!"

झालं. दुसऱ्या दिवशी पर्लनं अख्ख्या गावाला फोन केले. आमच्या गावात चार पाट्यांचा चौक एकच, कोठारांच्या तोंडाशी, आणि तिथे एका वेळी दोन गाड्या आल्या तर तो योगायोग. पण त्या दुपारी सगळे आले! नेटीला सराव द्यायला. काय आवाज ट्रकांचे, मला तर जत्राच वाटली. समोरून लॉइड, शेजारचा शेतकरी, त्याचा डिझेल ट्रक लांबूनच खोकतो.

नेटी आली, थांबली. लॉइडही थांबला. आणि पर्ल खिडकीतून ओरडली, "लॉइड! हात खाली!"

"तिची पाळी आहे ना? म्हणून तर केला!"

"तू केलास की ती परत करते! नुसता बस!"

"नुसता कसा बसू? बरं दिसतं का ते?"

"बरं दिसायला नाही बोलावलंय तुला!"

डावीकडून पोस्टातली ग्वेन आली, तिनं दोघांनाही हात केला, वर काच खाली करून विचारलं, "पर्ल, आज कसं वाटतंय गं?" मग काय! सगळ्यांनी काचा खाली केल्या. चौकातच गप्पा. लॉइडनं टोमॅटो आणले होते, तेही वाटले.

असे तीन दिवस गेले. अख्खं गाव मदतीला आलं आणि एकालाही नुसतं बसता येईना.

तिसऱ्या दिवशी पर्ल दमली. मशीनच्या दुसऱ्या दिवशी ती तशीही दमलेलीच असते. मागे टेकून म्हणाली, "हे बघ नेटी. हात उठायला लागला ना, की मनात म्हण, पर्ल मरेल."

"असं कसं म्हणू?"

"का? साठ वर्षं म्हणतच असशील की."

नेटी हसली. मग हसता हसता थांबली. माझ्यावर ती अशी बसली, कशी सांगू, मुळं फुटल्यासारखी. समोर लॉइडचा ट्रक खोकत होता. त्यानं हात केलाच असणार, तो काय सुधारणार. पण नेटीचं वजन डावीकडे आलं नाही. गाडी सरळ चौकातून गेली.

पलीकडे जाऊन तिनं गाडी थांबवली आणि डोळे पुसले असावेत. नाक ओढल्याचं ऐकलं मी.

"उद्धट," पर्ल म्हणाली. आणि माझ्या खिशात हात घालून एक गोळी घेतली.

मग आला दुसऱ्या टेस्टचा दिवस. परत इफेओमा. परत मागच्या सीटवर पायरोगी, परत नियम. पहिला चौक.

"पर्ल मरेल," नेटी पुटपुटली, आणि गेली.

दुसरा चौक. "पर्ल मरेल." गेली.

"काय म्हणालात?" इफेओमानं विचारलं.

"काही नाही बाळा. प्रार्थना."

मी तर हसून हसून शिवणीतून फुटायची बाकी होते! तिसरा चौकही झाला. आता शेवटचा, मग ऑफिस. तिथे आमच्या आधीच एक ट्रक उभा होता. इंजिनाच्या आवाजावरूनच कळलं मला, शहरातला नाही हा, आपल्यातलाच कुणीतरी. त्याची पाळी. तो जायला हवा.

तो जाईना.

"हात करतोय," नेटी बारीक आवाजात म्हणाली. "टोपीवाले आजोबा आहेत. मला जा म्हणतायत."

टेस्टमध्ये काय करायचं ते इफेओमा सांगत नाही कुणाला.

"पण त्यांची पाळी आहे," नेटी म्हणाली. स्वतःलाच. "परत हात केला. हसतायत. अहो, जा ना!"

मागे गाड्या येऊन थांबायला लागल्या. नेटी अशी ताणली गेली की तिचा भार माझ्यावरून जवळजवळ उठलाच. हात केला तर नापास. पाळी नसताना गेली तर नापास. नुसती बसली तरी आजोबा काही हलत नाहीत! मला वाटलं संपलं. शेपू, बाग, समोरचा दिवा, सगळं त्या टोपीवाल्याच्या चांगुलपणाखाली चिरडणार!

आणि नेटीनं हॉर्न वाजवला.

तुम्हाला त्यात काय एवढं वाटेल. पण ऐका, मी त्या सीटवर सहा वर्षं होते, मला त्या गाडीला हॉर्न आहे हेच माहीत नव्हतं! आमच्याकडे हॉर्न म्हणजे समोरच्याच्या आईवर शिवी. इतकी वर्षं कोंडलेला तो आवाज असा निघाला, रानहंसाची मान दारात सापडावी तसा. नेटी स्वतःच दचकून उडाली आणि परत धपकन माझ्यावर आदळली. काच बंद होती तरी म्हणत होती, "सॉरी हो, सॉरी, सॉरी."

ट्रक गेला. मग नेटी गेली. आपल्या पाळीला.

ऑफिससमोर गाडी थांबली, आणि इफेओमा इतका वेळ दाबलेलं हसू सोडून अशी हसली की सीट हलली. "मिसेस ह्रिन्चुक, मी लांबच्या लेगॉस शहरातली. आमच्याकडे हॉर्न म्हणजे 'काय कसं काय' असतं. इथे आल्यापासून मला वाटायचं या देशात गाड्यांना आवाजच नाही. आज आईच्या घरी गेल्यासारखं वाटलं."

"म्हणजे... नापास?"

"पास! एक वर्षासाठी. पुढच्या वर्षी परत या."

नेटी एकदम इतकी हलकी झाली, मला वाटलं उतरलीच की काय. पर्ल आली, दार उघडून उभीच राहिली. नेटीनं नुसतं नाक ओढलं. पर्लला कळलं. ती बसली, पट्टा लावला आणि म्हणाली, "बरं. चल. मशीनची खुर्ची वाट बघतेय."

पण नेटी निघाली कुठे? हॉस्पिटल उजवीकडे, नेटीनं गाडी डावीकडे घातली.

"इकडे कुठे?"

"तो ट्रक कॉफीच्या दुकानाबाहेर उभा आहे. मी हॉर्न मारलाय त्या माणसाला."

"लायसन्स मिळून पाच मिनिटं नाही झाली, आणि माफी मागायला पेट्रोल जाळतेय!"

नेटी गेली आत. थोड्या वेळानं आजोबांना घेऊनच बाहेर आली. आर्विन त्यांचं नाव. खिडकीशी दोघांचं सुरू.

"नाही हो, चूक माझीच. मीच उगाच हात करत बसलो."

"छे, छे, मी असं वाजवायला नको होतं."

"नाही, वाजवायलाच हवं होतं तुम्ही. माझी बायको नेहमी म्हणायची, आर्विन, तू चौकातच म्हातारा होशील."

"तरी पण माझीच."

"चूक माझी!" पर्ल ओरडली. "मी शिकवलं हिला! आता तुमचं दोघांचं झालं असेल तर मला रक्त धुवून घ्यायचंय!"

दुकानाच्या आवारातून बाहेर पडायच्या रस्त्याशी आर्विनचा ट्रक आणि आमची ब्यूइक पुन्हा समोरासमोर आले.

"आर्विननं हात केला," नेटी म्हणाली.

"मग?" पर्ल म्हणाली.

वजन डावीकडे यायला लागलं. मला कळलं. अर्ध्यात थांबलं. मग परत मध्ये आलं, आणि आम्ही निघालो. आधी.

आता माझं सांगते आणि संपवते. मी चपटी झालेय. स्पंज गेला, एका बाजूला तर पार पापडासारखा. त्या शुक्रवारी पर्लची मशीनची खुर्ची टोचत होती, चार तास हाडं दुखली म्हणून तिनं नर्सला, खुर्चीला, सरकारला, सगळ्यांना बोलून घेतलं. तेव्हा नेटी तशीच खाली आली, मला ओढून काढलं आणि वर नेऊन पर्लच्या पाठीशी कोंबलं.

"आणि तू कशावर बसणार परत जाताना?" पर्लनं विचारलं.

"कोट घडी करून बसेन."

"कोटावर बसून रस्ता दिसणारेय तुला?"

रविवारी पर्लनं नवीन उशी शिवली. माझ्यापेक्षा जाड. तिच्या स्वतःच्या जुन्या पडद्याची, मोठ्ठी फुलं आहेत म्हणे. "वर्षभरात तू अजून बुटकी होणार," असं म्हणून दिली. तिलाही खिसा आहे, पण गोळ्या अजून माझ्याचकडे.

तर मी आता हॉस्पिटलात येते, पर्लच्या पिशवीतून. मशीन गुरगुरतं. शेजारी नेटी शब्दकोडं सोडवते आणि मुद्दाम मोठ्यानं चुकीचं उत्तर म्हणते, म्हणजे पर्ल जागी राहते. गाडीची आठवण येते मला, नाही असं नाही. पण इथेही माझ्यावर वजन आहे, आणि ते दर वेळी घरी परत जातं.

फुलांवाल्या ताई, तू सीटवर आहेस, म्हणून तुला सांगते. तिचं वजन डावीकडे आलं तर घाबरू नकोस. थांब जरा. ते परत मध्ये येतं.

आणि मागच्या गाडीवाल्यांनो, तुम्हालाही एक. चौकात पुढे एखादी हिरवी गाडी उगाच थांबलेली दिसली, आत कुणीच दिसलं नाही, तर लगेच हॉर्नवर हात टाकू नका. आत आहे हो कुणीतरी. पुटपुटतेय. आत्ता निघेल.